एकच फिल्म, दोन वेळा

माझी मान बिघडली आहे हे मला हातामुळे कळलं. मानेत दुखत नव्हतं. लोक अजून विचारतात, "मान खूप दुखायची का हो बाई?" आणि मी नाही म्हटलं की त्यांचा थोडा हिरमोड होतो. दुखलं असतं तर बरं झालं असतं. दुखणाऱ्या गोष्टीकडे माणूस लक्ष देतो. मला फक्त उजव्या हाताची बोटं आपली वाटेनाशी झाली.

मी मुलुंडला राहते, वय चौपन्न, भांडुपच्या एका मराठी शाळेत विज्ञान शिकवते. बोर्डाच्या पेपरांची मॉडरेटर म्हणून बरीच वर्षं काम केलं आहे, म्हणजे इतर शिक्षकांनी तपासलेल्या उत्तरपत्रिका पुन्हा तपासायच्या. हे आधीच सांगते, कारण या आजारात मी जो गाढवपणा केला तो याच कामातून आला. ज्यांच्या हातात आत्ता एमआरआयचं मोठं पाकीट आहे आणि दोन डॉक्टर दोन गोष्टी सांगताहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. डाव्या हाताच्या एका बोटाने टाइप करते आहे. वेळ लागतो.

डॉक्टरांची नावं लिहीत नाही. ज्या त्या गावावरून ओळखा.

मुलुंड

मार्चअखेरीस पेपर तपासताना पेन हातातून घसरायला लागलं. समोर बसलेल्या बाई म्हणाल्या, "मॅडम, तुमची सही अशी काय येतेय? बँकेत पास होणार नाही हां ही." आम्ही हसलो. मग ब्लाउजचे हूक लागेनात. मनोहरांना, म्हणजे माझ्या मिस्टरांना, लावायला सांगू लागले. ते औषध कंपनीच्या गोदामातून रिटायर झालेले, घरीच असतात. म्हणाले, "लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, आता कुठे चान्स मिळाला." तेव्हाही हसलो.

खडू पडायला लागला तेव्हा मात्र मुलं हसली आणि मी नाही हसले.

एमआरआयच्या बोगद्यात वरच्या मजल्यावर कोणी टाइल्स बसवतंय अशी ठोकाठोक चालली होती. मी आत आवर्तसारणी म्हणत पडले होते. रिपोर्ट आला. मानेच्या दोन मणक्यांमधली गादी मागे सरकली होती आणि मज्जारज्जूवर दाबत होती. मज्जारज्जूची आकृती मी पंचवीस वर्षं फळ्यावर काढते आहे. नावं देते, बाण काढते, मुलांकडून पाठ करून घेते.

मुलुंडचे डॉक्टर तरुण होते, माझ्या मुलीपेक्षा, ऋतापेक्षा, चार-पाच वर्षांनी मोठे असतील. दवाखान्याला नव्या रंगाचा वास येत होता. त्यांनी माझं सगळं ऐकलं, बोटं ओढून बघितली, फिल्म दिव्यावर लावली आणि म्हणाले, "दाब बराच आहे, मॅडम. ऑपरेशन करावं लागेल. दोन-तीन आठवड्यांत झालं तर चांगलं."

मनोहरांनी विचारलं, "आणि नाही केलं तर?"

"हात आणखी जाईल. मग पाय."

मला काही वाटलं नाही. खरंच. मी त्यांच्या टेबलावरच्या पेनांच्या डब्याकडे बघत होते. बाहेर आल्यावर मी दोडके घेतले, कारण घरी भाजी नव्हती. पुढचे कितीतरी महिने मी अशीच होते. माणसं म्हणायची, बाई किती धीराच्या आहेत. तो धीर नव्हता. आत काही हलतच नव्हतं.

घाटकोपर

दुसरं मत घ्यावं असं सगळेच म्हणतात. आम्हीही घेतलं. घाटकोपरच्या डॉक्टरांकडे जाताना मी ठरवलं, यांना रिपोर्ट दाखवायचा नाही आणि लक्षणंही अर्धीच सांगायची. आधीच्याने किती मार्क दिलेत ते दिसलं की दुसऱ्याची नजर तिकडेच ओढ घेते, हे मला कामामुळे ठाऊक होतं. म्हणून मी फक्त "बोटांना मुंग्या येतात" एवढं सांगितलं. खडू सांगितला नाही, हूक सांगितले नाहीत.

त्यांनी फिल्म बघितली. "दाब आहे, पण मध्यम. थांबून बघू. व्यायाम घ्या, मान जपा."

रिक्षात मनोहर म्हणाले, "दोघांतला एक जण फेकतोय."

"कोण ते शोधता येईल," मी म्हटलं.

झेरॉक्स

आमच्या शाळेत माझी एक खोड प्रसिद्ध आहे. पूर्वपरीक्षेच्या वेळी एखादा नवीन शिक्षक आला की त्याच्या गठ्ठ्यात मी एकाच उत्तरपत्रिकेची झेरॉक्स दोन वेगळ्या नंबरांनी घालते. एक वर, एक पार खाली. नवा माणूस वरच्या पेपराला एकतीस देतो आणि दोन दिवसांनी त्याच पेपराला बावीस. त्याला ते समजतही नाही. मग मी दोन्ही पेपर शेजारी ठेवते आणि चहा मागवते. कोणी रागावतं, कोणी रडकुंडीला येतं, पण शिकतात सगळे. पाच-सात वर्षं तपासलेल्या माणसाचे दोन्ही वेळचे मार्क जवळपास सारखे येतात. ज्याचं स्वतःशी पटत नाही त्याच्यावर भरवसा ठेवायचा नाही, हा माझा नियम.

मी तोच नियम माझ्या मानेला लावला.

माझी नणंद शोभा मालवणहून मे महिन्यात आमच्याकडे आली होती. माझ्याहून तीन वर्षांनी लहान, अंगाने तशीच. मी फिल्मच्या कोपऱ्यातल्या नावांवर पांढरे स्टिकर लावले, बोर्डात बैठक क्रमांक झाकतात तसे. नावात चूक झाली म्हणून सेंटरने असं दिलं, रिपोर्ट मागाहून येणार आहे, असं सांगायचं ठरलं. शोभाला मुलुंडच्या डॉक्टरांकडे पाठवायचं. पाच आठवडे होऊन गेले होते. त्यांना फिल्म आठवणार नव्हती.

शोभा घाबरली. "गो वयनी, माका काय झाला नाय आणि मी डॉक्टराक काय सांगू? तेनी माझे हात बघितल्यान तर?"

"बोटांना मुंग्या येतात, एवढंच सांग."

"पण येनत नाय."

"अगं, एक दिवस आल्या असं समज."

मनोहर तिच्याबरोबर भाऊ म्हणून आत जाऊ शकत नव्हते, डॉक्टरांनी त्यांना पाहिलं होतं. म्हणून आम्ही दोघं समोरच्या रसाच्या दुकानात बसलो. शोभा अर्ध्या तासाने बाहेर आली ती धावतच, रस्ता ओलांडून. "दाब फारसो नाय म्हणालो! व्यायाम कर म्हणालो, सहा महिन्यांनी परत फोटो काढ!" तिचा चेहरा असा फुलला होता की जणू तिचंच ऑपरेशन टळलं होतं.

मनोहरांनी टेबलावर हात आपटला. "वाट लागली त्याची! एकच फिल्म, दोनदा वेगळं!"

मी तिथेच निकाल लावला. एक तर हा डॉक्टर कच्चा आहे. दुसरं म्हणजे, आता तीनपैकी दोन मतं 'थांबा' म्हणताहेत. पहिलं वाक्य मला रागावून म्हणायचं होतं, आणि दुसरं मला ऐकायचं होतं. दोन्ही एकाच ग्लासातून प्यायले.

मनोहरांनी त्याच संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, "अमुक डॉक्टरांना आमच्या पेशंटची एकच फिल्म दोनदा दाखवली, दोनदा वेगळं निदान. जाणाऱ्यांनी विचार करून जावे." खाली अंगठ्यांची रांग लागली. बी विंगमधल्या एका काकांनी गुडघ्याची अपॉइंटमेंट रद्द केल्याचं कळवलं. मी ते वाचलं आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू.

तीन महिने

त्या तीन महिन्यांत मी स्वतःला शंभर वेळा फसवलं. भाकरी थापता येईना, तर पोळीवाली लावली. पेन धरता येईना, तर मुलांनाच फळ्यावर लिहायला लावलं; मुख्याध्यापक म्हणाले, झकास, मुलांचा सहभाग वाढला. चप्पल पायातून निघून मागे राहायची आणि मला दोन पावलांनंतर कळायचं, म्हणून पट्ट्याची सँडल घेतली. ऋता चारकोपहून यायची, ती म्हणायची, "आई, तू भिंतीला धरून का चालतेस?" मी म्हणायचे, "तुझ्या बाबांनी फरशी पुसलीय म्हणून." फिल्म मध्यम होती ना. दोघांनी सांगितलं होतं.

आंघोळीचं पाणी किती गरम आहे ते डाव्या हाताने बघायला लागले होते. ते कधीपासून, ते आठवत नाही.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदनाला मैदानातून व्यासपीठाच्या पायरीवर चढायचं होतं. एकच पायरी. पाय उचलला असं मला वाटलं. तो उचलला गेला नव्हता. मी सगळ्या शाळेसमोर पडले. राष्ट्रगीत चालू असल्यामुळे एकही मूल जागचं हललं नाही, इतकी शिस्त आम्हीच लावलेली. मी राष्ट्रगीत संपेपर्यंत तशीच पडून होते. तेव्हासुद्धा मला लाज वाटली नाही की भीती. साडीला माती लागली असेल, एवढंच मनात आलं.

ऋताला त्या संध्याकाळी झेरॉक्सची गोष्ट कळली. शोभानेच फोनवर रडत सांगितली. ऋता माझ्यासमोर उभी राहिली. "आई, तू डॉक्टरांची परीक्षा घेत होतीस? स्वतःच्या मानेवर?"

"तो चुकला की नाही?"

"मला नाही माहीत तो चुकला की नाही. तू पडलीस एवढं मला माहितीये." मग ती बाबांकडे वळली. "आणि बाबा, तुम्ही रस पीत होतात?"

मनोहर आत जाऊन बसले. त्या रात्री घरात तीन माणसं तीन खोल्यांत होती, आणि आमच्या घराला खोल्याच तीन आहेत.

अंधेरी

अंधेरीचे डॉक्टर सत्तरीला आलेले. ऋताच्या ऑफिसमधल्या कोणाच्या तरी वडिलांचं ऑपरेशन त्यांनी केलं होतं. पवईवरून रिक्षाने गेलो. मी पाकीट पुढे केलं. त्यांनी ते घेतलं आणि न उघडता बाजूच्या खुर्चीवर ठेवलं.

"आधी फिल्म बघा ना, सर," मी म्हटलं. "माझं ऐकून तुमचं मत बनायला नको."

"माझं मत बनवायलाच तुम्ही आलात ना, बाई?" ते म्हणाले. "चाला बघू. एका रेषेत."

एका पावलाच्या टाचेला दुसऱ्याची बोटं लावून चालायचं होतं. तिसऱ्या पावलाला मी मनोहरांचा खांदा धरला. मग त्यांनी मला एक जुना शर्ट दिला, बटणं लावायला. मग मूठ उघड-मीट करायला सांगितली, भरभर. माझी उजवी मूठ उघडायला वेळ घेत होती. मी तिच्याकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, उघड गं. शेवटी त्यांनी फिल्म लावली, जेमतेम मिनिटभर बघितली.

"ऑपरेशन. याच आठवड्यात."

माझी खोड जाते थोडीच. "सर, हीच फिल्म महिन्याभराने दुसऱ्या कोणाच्या नावाने आली, तर हेच सांगाल?"

मनोहरांनी टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला. मला ते खाली बघितल्यावर कळलं.

डॉक्टर रागावले नाहीत. "असं का विचारता?" म्हणाले. मग मी सगळं सांगितलं. स्टिकर, शोभा, दोन निदानं. त्यांनी मधे एकच प्रश्न विचारला. "तिचे हात कसे होते?"

"कोणाचे?"

"तुमच्या नणंदेचे."

"चांगले. ती रोज पंधरा भाकऱ्या थापते."

"बाई, तुम्ही प्रश्नपत्रिका बदललीत आणि उत्तर का बदललं म्हणून त्याचे मार्क कापलेत. फिल्म तीच होती, माणूस तो नव्हता. चांगले हात समोर असले की फिल्म थोडी हलकी दिसते. त्याला जास्तच हलकी दिसली, ते वय आहे. मी त्या वयात होतो तेव्हा मी आणि माझा एक मित्र जुन्या फिल्म नावं झाकून परत वाचायचो. माझं माझ्याशीच पटायचं नाही. आज जास्त दाब म्हणायचो, पुढच्या महिन्यात कमी. आता बऱ्यापैकी पटतं. मित्राशी अजून नाही पटत."

"मग अनुभवाचा उपयोग काय?"

"हाच की. आपलं आपल्याशी पटायला लागतं." ते हसले. "पण पटतं म्हणजे बरोबर असतं, असं नाही हां. मी तीस वर्षं एकच चूक नेमाने करत असेन, तर तुमच्या परीक्षेत पहिला येईन."

हे मला शिक्षक म्हणून कोणी आजवर सांगितलं नव्हतं. आमच्या शाळेतले एक जुने सर सगळ्यांना कायम सहा मार्क कमी द्यायचे, अगदी न चुकता, आणि माझ्या झेरॉक्समध्ये ते कधी सापडले नाहीत. मला ते आदर्श वाटायचे.

निघताना मी विचारलं, "मी मे महिन्यात आले असते तर?"

"पाय येईल परत," ते म्हणाले. "हाताचं मी काही सांगत नाही."

वॉर्ड

ऑपरेशनबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे थोडंच आहे, कारण मी झोपले होते. मानेच्या पुढच्या बाजूने करतात. जाग आली तेव्हा घशात कोणी वाळू भरल्यासारखं वाटत होतं आणि मनोहर माझ्या पायाचा अंगठा धरून उभे होते. "हलव," म्हणाले. मी हलवला. ते खाली वाकून अंगठ्याकडेच बघत राहिले, माझ्याकडे नाही.

वॉर्डचे दिवस सारखे असतात. पहाटे नर्स ताप बघते. सहाला चहा. मग झाडू, मग फिनेल, मग डॉक्टरांचा राउंड, तोवर सगळ्या बायका केस नीट करून बसलेल्या, जणू बघायला पाहुणे येणार आहेत. माझ्या मानेला पट्टा होता, त्यामुळे मला फक्त छत आणि समोरची भिंत दिसायची. आयाबाई होत्या एक, कणकवलीकडच्या. त्या रोज माझी वेणी घालायच्या, मान न हलवता, इतक्या हलक्या हाताने की मला कळायचंही नाही. हे मी कौतुक म्हणून सांगते आहे, बधिरपणा म्हणून नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "बाई, तुम्ही रडत कशा नाय? हय सगळी एकदा तरी रडतत." मी म्हटलं, येत नाही रडू. "येतला," त्या म्हणाल्या, आणि रबर लावून गेल्या.

घरच्यांसाठी एक सांगते. आजारी माणसाला घास भरवणं सोपं असतं, भरवून घेणं कठीण. मनोहर भात कालवायचे तो मला पातळ वाटायचा. चौथ्या दिवशी मी ओरडले, "मी काय बाळ आहे?" त्यांनी चमचा ठेवला आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. मग परत आले, चमचा घेतला. "बाळ असतीस तर ऐकलं असतंस," म्हणाले. मी तोंड उघडलं.

पाय परत आला. पूर्ण नाही, पण येतो आहे. डावा हात चांगला आहे. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं आली नाहीत. व्यायामाला जाते, डब्यातले वाटाणे एकेक उचलून दुसऱ्या डब्यात टाकते. वाटाणा बोटांत आहे की पडला, ते बघावं लागतं. या वर्षी मॉडरेशनला नाही म्हणून कळवलं आहे. पुढच्या वर्षीचं कोणी विचारलेलं नाही.

घरी आल्यावर मी मनोहरांना सांगितलं, ग्रुपवरचा तो मेसेज काढा.

"तीन महिने झाले गं. आता डिलीट नाही होत."

"मग नवीन लिहा."

"काय लिहू? माझ्या बायकोने लबाडी केली?"

"हो."

त्यांनी लिहिलं नाही. दोन दिवस आम्ही मिठाएवढंच बोललो. मग मीच लिहिलं, डाव्या बोटाने, की त्या डॉक्टरांचं पहिलं निदान बरोबर होतं, दुसऱ्या वेळी आम्ही त्यांना फसवलं होतं. त्याला एकही अंगठा आला नाही. कोणीतरी खाली पाण्याच्या टँकरचं वेळापत्रक टाकलं.

तेवढ्याने भागत नाही, हे मला दिसत होतं.

पुन्हा मुलुंड

ऑपरेशनला पाच आठवडे झाल्यावर मी मुलुंडच्या दवाखान्यात गेले. एकटी गेले, रिक्षाने, मानेला पट्टा बांधून. सकाळची वेळ, बाहेर दोनच पेशंट. आत शिरताच तरुण डॉक्टर उभे राहिले.

"अरे, सावंत मॅडम! झालं वाटतं ऑपरेशन. कुठे केलंत? नाही, छान झालं. मला वाटलं, तुम्ही टाळताय." त्यांना खरंच आनंद झाला होता. त्यामुळे मला आणखीच अवघड झालं. मी पाठ करून गेले होते ते सगळं विसरले.

"डॉक्टर, मे महिन्यात तुमच्याकडे शोभा परब म्हणून एक बाई आल्या होत्या."

ते एकदम पुढे झुकले. "तुम्ही ओळखता त्यांना? कुठे असतात त्या?"

मला बोलायला मिळालंच नाही. त्यांनी टेबलाच्या खणातून एक फाईल काढली. बाकीच्या फायली मागच्या कपाटात होत्या, ही एकटी खणात होती. "मॅडम, त्या गेल्या ना, त्याच संध्याकाळी मी त्यांच्या फिल्मचे फोटो परत बघितले. मोबाईलवर काढून ठेवतो मी. त्यांना मी दाब फारसा नाही असं सांगून बसलो होतो. खूप होता यार, मॅडम. त्यांचे हात इतके चांगले होते, आणि मी आधी हात बघितले, मग फिल्म. मला ती चांगलीच दिसली. मी लगेच फोन लावला, म्हटलं परत या, मी चुकलोय. नंबर कुठल्यातरी टेम्पोवाल्याचा निघाला. दुसऱ्या दिवशी लावला, परत तोच. आठवडाभर लावत होतो. शेवटी त्याने मला शिव्या घातल्या."

त्यांनी फाईल माझ्याकडे वळवली. वर शोभाच्या अक्षरात नंबर होता, त्याच्यापुढे पेन्सिलीच्या खुणा, एकाखाली एक. नंबर माझा होता, शेवटचा आकडा सोडून. पकडले जाऊ नये म्हणून तो आकडा मीच बदलून शोभाला पाठ करायला लावला होता. नंतर मी ते विसरूनही गेले होते.

"त्या चालतात ना?" डॉक्टरांनी विचारलं.

मे महिना. तेव्हा माझी भाकरी थापली जात होती. तेव्हा चप्पल पायात राहत होती.

"ती फिल्म माझी आहे, डॉक्टर," मी म्हटलं. "शोभाला काही झालेलं नाही. मी नाव झाकून तुमच्याकडे पाठवली. तुम्ही दोनदा तेच सांगता का ते बघायला. हा नंबरही मीच खोटा दिला."

त्यांनी कपाटातून माझी फाईल काढली. तारीख बघून मोबाईलवर माझ्या फिल्मचे फोटो शोधले आणि शोभाच्या फोटोंशी आलटून पालटून ताडून बघितले. बराच वेळ बघत होते. मी शिव्यांची वाट बघत होते, मला त्या हव्या होत्या.

"म्हणजे पहिल्यांदा मी बरोबर होतो," ते हळूच म्हणाले.

"हो."

"आणि संध्याकाळीही."

"हो."

ते खुर्चीत मागे टेकले. वर्गात अशी मुलं असतात, जी बरोबर उत्तर लिहितात आणि मग खोडून चुकीचं लिहितात. तपासताना मला त्यांचा राग यायचा. एवढा कसा स्वतःवर विश्वास नाही म्हणून मी त्यांचे मार्क कापायचे. त्यांना खोडायला कोणी लावलं, ते पेपरात दिसत नाही.

"मॅडम," डॉक्टर म्हणाले, "चालून दाखवता का?"

मी उठले. दारापर्यंत गेले, दाराला हात लावला, वळले. परत येताना मला रडू फुटलं, आजार सुरू झाल्यापासून पहिल्यांदा. पट्ट्यामुळे मान खाली घालता येत नव्हती. तशीच, त्यांच्याकडे बघत, खुर्चीपर्यंत चालत आले.